गरीब पण इमानदार मशीन

दातांच्या डॉक्टरांनी ड्रिल तोंडाजवळ आणलं आणि हबीबभाईंनी त्यांचं मनगटच धरलं. मला वाटलं, भ्याले. पण त्यांनी दुसऱ्या हाताच्या चिमटीत ड्रिलची सुई धरली, इकडे-तिकडे ढकलून पाहिली, तोंडातला कापूस काढला आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हलते."

"काय हलतं? दात?"

"दात नाही, तुमची मशीन. भोक तिरपं जाईन."

मी बाजूच्या स्टुलावर बसलो होतो. यवतमाळच्या त्या दवाखान्यात त्यांना माझ्या गाडीतून मीच आणलं होतं. डॉक्टर माझ्याकडे असे पाहत होते, जणू घरून मीच हे शिकवून आणलं.

हबीबभाई घाटंजीतले माझे शेजारी. आमच्या दोन अंगणांमध्ये छातीएवढी भिंत आहे. जन्मभर त्यांनी फवारणीचे पंप दुरुस्त केले. आता स्टँडजवळचं दुकान बंद करून घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये हत्यारं मांडून बसतात. शेडमध्ये सगळं आहे, नव्हतं फक्त एक खांबाचं ड्रिल मशीन, म्हणजे दांडा ओढला की सरळ खाली उतरून भोक पाडणारं. ते घ्यायचं होतं. दोन वर्षांपूर्वी मी या गल्लीत राहायला आलो, तेव्हाही ते घ्यायचंच होतं.

"सर, गाडी आहे ना तुमच्यापाशी?" हे त्यांचं माझ्याशी पहिलं वाक्य. मी हो म्हणालो. एवढीच माझी चूक.

मशीन कसं पाहिजे, हे त्यांचं पक्कं होतं. "पाह्य सर, आपली ऐपत मोठ्या मशीनची नाही. मशीन गरीब पाह्यजे, पण इमानदार पाह्यजे." ही इमानदारी तपासायला ते खिशात सायकलची एक वाकवलेली तार ठेवत. दुकानात गेले की ती तार मशीनच्या जबड्यात अडकवायची, हातानं गोल फिरवायची आणि तिचं टोक खालच्या टेबलापासून चारही बाजूंनी सारखंच दूर राहतं का, ते बसचं तिकीट सरकवून पाहायचं. तीन बाजूंनी तिकीट सरकायचं. चौथ्या बाजूला अडकायचं. मग हबीबभाई तार काढून पुसायचे, खिशात ठेवायचे आणि माझ्याकडे वळून म्हणायचे, "चाला सर."

यवतमाळची दुकानं संपली. वर्धा झालं. भर मे महिन्यात नागपूरला नेलं. तिथं एक दुकानदार वैतागून म्हणाला, "चाचा, कागदाएवढ्या फरकानं काय होते? भोक म्हणजे भोक."

हबीबभाई एरवी कोणाला दुखवत नाहीत. त्या दिवशी मात्र त्यांचा चेहरा उतरला. "तुले नाही समजणार, बेटा," एवढंच म्हणाले आणि बाहेर उन्हात जाऊन उभे राहिले. गाडीत कळंब येईस्तोवर एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, सुटलो! घरी उतरताना म्हणाले, "अमरावती राह्यली आपली."

मी शक्कल लढवली. म्हटलं, मोबाइलवर पाहा, घरपोच येतं. तर ते रोज संध्याकाळी भिंतीशी येऊन उभे राहू लागले. मी मशीनचे व्हिडिओ लावायचे आणि त्यांनी डोळे मिटून ऐकायचे. "बंद करा सर. बेअरिंग रडून राह्यली." माझा चहा गार, माझ्या बायकोची बोलणी वेगळी. त्यांची बायको, शमीमभाभी, आतूनच ओरडायच्या, "घेऊन जा सर यायले कुठंबी! तेवढीच माह्या कानाले शांती!"

शेवटी उमरखेडला योग आला. एका सुताराला धंदा आवरायचा होता. मशीन जुनं, रंग उडालेलं, पण खांब जाडजूड. तार लागली, तिकीट सरकलं. एका बाजूनं, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या. हबीबभाईंनी तार पुन्हा फिरवली. पुन्हा सरकलं. ते तिथंच लाकडाच्या भुशात खाली बसले आणि त्यांनी पाणी मागितलं. सुतारानं सांगितला तो भाव त्यांनी मान्य केला. ते धूड उचलताना माझी कंबर धरली, ती पंधरा दिवस सुटली नाही.

आणि एवढं करून मशीन आठ दिवस नुसतं उभं! रोज पुसायचे, तेल द्यायचे, चादरीनं झाकायचे. भोक एक नाही. माझ्या पुस्तकांच्या रॅकची पट्टी घेऊन गेलो, तर म्हणे, "थांबा सर. पहिलं काम ठरलेलं आहे."

"कोणतं?"

"घाई कायले करता?"

माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी दोन गोष्टी सुनवायच्या म्हणूनच गेलो. हबीबभाई बाजारात गेले होते. भाभी दारातल्या खुर्चीवर लसूण सोलत होत्या. त्या घराबाहेर फारशा निघत नाहीत, हे मला माहीत होतं. का निघत नाहीत, हे मी कधी विचारलं नव्हतं.

"भाभी, एका भोकासाठी दोन वर्षं फिरवलं मला यांनी!"

त्या हसल्या. मग म्हणाल्या, "तुमाले सांगतलं नाही ना? मले वाटलंच. अल्लुमिनची काठी होती माही, लांब-आखूड होते अन् भोकात खटका बसते तशी. मले उंच व्हायची. आखूड कराले यायनं हातातल्या ड्रिलनं आणखी एक भोक पाडलं. ते गेलं तिरपं. खटका अर्धाच बसला. मी अंगणात उतरली अन् काठी खाली सटकली. खुब्याची हड्डी मोडली. चार महिने पलंगावर होती. तुमी इथं राहाले यायच्या आधीची गोष्ट आहे."

त्यांनी एक पाकळी सोलून ताटलीत टाकली.

"हड्डी जुळली माही. पण हे ते ड्रिल भंगारात देऊन आले. म्या म्हटलं, नवी काठी आणा दुकानातून, बसत्या मापाची. तर म्हणते, तुले पाडलं मी, तर याच काठीले सिधं भोक बी मीच पाडीन."

सुनवायच्या दोन्ही गोष्टी घेऊन मी तसाच परत आलो.

शुक्रवारी सकाळी शेडमधून मशीनचा आवाज आला. एकसारखा, थोडाच वेळ. मग बंद. बऱ्याच वेळानं भिंतीवरून डोकावलो. हबीबभाईंनी खांद्यावर तुरीचं पोतं घेतलं होतं आणि बायकोच्या मापाच्या त्या ठेंगण्या काठीवर सगळा भार टाकून, कमरेत वाकून, ते अंगणात फेऱ्या मारत होते. घामानं सदरा भिजला होता. भाभी चौकटीला धरून उभ्या होत्या. "द्या ना आता! सकाळपासून चालून राह्यले!"

"अजून एक चक्कर." मग त्यांना मी दिसलो. "सर, या बरं इकडं. तुमी माह्यापेक्षा वजनदार आहात."

मला कॉलेजात शिकवायला जायचं होतं, उशीर होत होता. कंबर अजून दुखत होती. मी भिंत ओलांडली, पोतं खांद्यावर घेतलं, काठी धरली आणि चालू लागलो. हबीबभाई माझ्या अर्धं पाऊल मागे, दोन्ही हात पसरून चालत होते, मी पडलोच तर झेलायला.

दोन फेऱ्या झाल्यावर भाभींनी हात पुढे केला. मी काठी त्यांच्या हाती दिली. त्यांनी ती पायरीखाली टेकवली, थोडं थांबल्या, आणि अंगणात उतरल्या. नळापर्यंत गेल्या. तिथून वळून तुळशीसारख्या वाढलेल्या सब्जाच्या रोपापर्यंत गेल्या, एक पान तोडून हुंगलं.

हबीबभाईंचे हात तसेच पसरलेले होते. "आता खाली करा," भाभी म्हणाल्या. त्यांनी केले नाहीत.