हिरव्या खुर्चीतला गृहस्थ

मेल्क इनाइखेनला आपल्या बायकोचा संशय आला तो धुण्यावरून. एरवी तो काही संशयी माणूस नव्हता. (म्हणजे शेजारी, टपालवाला, हवामानखातं आणि झुरिकची झाडून सगळी माणसं, एवढ्यांवरच तो संशय घ्यायचा. बायको त्यात नव्हती.) त्या गुरुवारी सकाळी त्याला उगाचच वाटलं, की आता आपण रिटायर झालो आहोत, तर धुण्याची टोपली वर आणायला अगाथाला मदत करावी. लग्न झाल्यापासून असा विचार त्याच्या डोक्यात पहिल्यांदाच आला होता. तो आला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

खाली धुण्याच्या खोलीत अगाथा नव्हतीच. दुसऱ्या मजल्यावरच्या फेलमानबाई होत्या आणि मशीनमध्ये फेलमानसाहेबांच्या चड्ड्या गरगरत होत्या.

“तुम्ही? आज?” मेल्कनं विचारलं.

“अगाथानं दिला ना मला गुरुवार,” बाई म्हणाल्या. “तिनं माझा सोमवार घेतला. आता कायमचंच ठरलंय आमचं. तुम्हाला बोलली नाही?”

मेल्कनं भिंतीचा आधार घेतला. अख्ख्या इमारतीला धुण्याची खोली एक, आणि प्रत्येक बिऱ्हाडाचा वार ठरलेला. ल्युसर्नमध्ये माणूस एक वेळ आडनाव बदलेल, पण धुण्याचा वार बदलणार नाही. हा गुरुवार त्यांना मिळाला तो वरच्या मजल्यावरची म्हातारी वारली तेव्हा. अगाथा तिच्या अंत्ययात्रेला जाऊन ढसाढसा रडली होती आणि परत येताना धुण्याच्या खोलीची किल्ली घेऊन आली होती. (रडणंही खरं होतं, किल्लीही खरी होती.) त्यांची मुलगी झाली तोही गुरुवारच. कळा सुरू झाल्या तरी चादरी पिळून निघेपर्यंत अगाथा दवाखान्यात जायला तयार नव्हती. आणि ती बाई गुरुवार उचलून दुसऱ्याला देते?

वर येऊन बघतो तर अगाथा निळा कोट चढवून आरशासमोर उभी.

“कुठे निघालीस?”

“जरा बाहेर.”

“आज गुरुवार आहे.”

“माहीत आहे मला,” ती म्हणाली आणि दार लावून निघूनही गेली. जाताना गुणगुणत होती. मेल्कला ते गुणगुणणं मुळीच आवडलं नाही.

संध्याकाळी त्यानं वेन्डेलला गाठलं. तलावात चालणाऱ्या आगबोटीवर दोघांनी सगळी नोकरी काढली होती. वेन्डेल खाली भट्टीपाशी, मेल्क वर तिकिटं तपासायला. वेन्डेलची बायको त्याला सोडून गेली होती, त्यामुळे या विषयात त्याचा शब्द शेवटचा मानला जाई.

“गुरुवार दिला?” वेन्डेलनं बिअरचा ग्लास खाली ठेवला. “लेका मेल्क, मग बात गंभीर आहे. घरातून काही गेलंय का बघ.”

“काय जाणार?”

“अरे, माझ्या बायकोनं आधी मिक्सर नेला. मग पडदे. स्वतः गेली ती सगळ्यात शेवटी. बायका हळूहळू जातात, मेल्क. आपल्याला पडद्याशिवाय ऊन लागायला लागतं तेव्हा कळतं.”

मेल्क तडक घरी आला आणि तळघरात उतरला. हे तळघर युद्ध झालं तर लपायला म्हणून बांधलेलं होतं, पण युद्ध काही झालं नाही, तेव्हा प्रत्येक बिऱ्हाडानं त्यात आपापलं भंगार लपवलं होतं. मेल्कच्या कोपऱ्यात त्यानं जन्मात कधी न टाकलेल्या सगळ्या वस्तू होत्या. असायला हव्या होत्या. त्याची हिरवी आरामखुर्ची गायब! रेडिओ नाही. आजीचं चीज वितळवायचं, फाँड्यूचं लाल भांडं नाही. कोपरावर ठिगळं लावलेला तपकिरी स्वेटरसुद्धा नाही.

मेल्क खाली पायरीवर बसला. खुर्ची, रेडिओ, भांडं. बाई दुसरीकडे संसार मांडत होती! आणि तोही त्याच्याच सामानानं!

पण विचारायचं कसं? विचारलं आणि ती हो म्हणाली तर? अगाथाशिवाय घर कसं असेल हे त्यानं क्षणभर डोळ्यांपुढे आणून पाहिलं आणि घाईघाईनं ते चित्र पुसून टाकलं. आपलं अगाथावर प्रेम आहे हे त्याला अशा रीतीनं, तळघराच्या पायरीवर, फेलमानांच्या स्कीच्या जोड्यांशेजारी बसून कळलं. जरा उशीरच झाला होता, पण कळलं.

वर येतो तर स्वयंपाकघरातून तिचा फोनवरचा आवाज.

“छे छे, मेल्कचाच स्वेटर त्याला छान होतोय… हो, मान जरा कलते त्याची, पण गुरुवारी मी आले की करते सरळ… त्रास कसला बाई! एक शब्द बोलत नाही. बसवू तिथे बसतो. असा पुरुष शोधून सापडणार नाही!”

म्हणजे आजारी असावा, मेल्कनं ताडलं. मानेचा काहीतरी विकार. दयेपोटी सुरू झालेलं प्रकरण असणार, आणि दया आली की अगाथाला आवरणं कठीण. घरातली अर्धमेली झाडंसुद्धा ती टाकून देत नसे. (मेल्ककडे बघून तिला दया का येत नाही, हा प्रश्न त्याला पडला. उत्तरही सुचलं, म्हणून त्यानं विचार सोडून दिला.)

मग त्यानं ठरवलं, की बायकोला जिंकून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी त्यानं घर झाडलं. बटाटे किसून तव्यावर र्‍योश्टी केली. एका बाजूनं करपली, ती बाजू त्यानं खाली घातली. जेवताना तो म्हणाला, “अगाथा, तू आज छान दिसतेस.”

अगाथानं काटा खाली ठेवला.

“डॉक्टरांकडे जाऊन आलास का?” तिनं हळूच विचारलं. “काय म्हणाले? माझ्यापासून लपवू नकोस हं.”

“काही नाही झालं मला!”

“मग काय करून ठेवलंयस? गाडी ठोकलीस?”

त्या आठवड्यात दोघांनी एकमेकांवर अशी काही नजर ठेवली, की फेलमानबाईंना जिन्यात त्यांच्याकडे बघून गहिवरून आलं. म्हाताऱ्यांचं प्रेम पुन्हा उफाळून आलंय, असं त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं.

पुढच्या गुरुवारी अगाथा निघाली, आणि मेल्क तिच्या मागून. डोक्यावर लाल टोपी, गळ्यात कॅमेरा, अंगात प्लॅस्टिकचा रेनकोट, काखेत छत्री. प्रवासी दिसावा म्हणून हा थाट. ल्युसर्नमध्ये प्रवाशाकडे कोणी वळून बघत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं, कारण जन्मभर त्यानंही बघितलं नव्हतं.

अगाथा नेमकी जुन्या लाकडी पुलावर शिरली. गावातला शहाणा माणूस त्या पुलाच्या वाटेला जात नाही. तिथे फोटो काढणाऱ्यांची ही झुंबड! मेल्क मध्ये अडकला. कुणी त्याच्या हातात फोन दिला, आमचा काढा म्हणून. काढला. दुसऱ्यानं दिला. तोही काढला. तेवढ्यात एका बाईनं समोरच्या डोंगराचं नाव विचारलं आणि घात झाला. नोकरीतली सवय! मेल्कच्या तोंडून खड्या आवाजात आपोआप बाहेर पडलं, “उजव्या हाताला पिलाटुस, डाव्या हाताला रिगी, कृपया सगळ्यांनी एकाच बाजूला गर्दी करू नये!” सगळी माणसं निमूट दोन बाजूंना वाटली गेली आणि मग त्याच्याच मागून चालू लागली.

अगाथा तलावाकाठच्या संग्रहालयात शिरताना दिसली. मेल्क चक्रावला. संग्रहालय! या गावात जन्मून त्यानं एकाही संग्रहालयात पाऊल टाकलेलं नव्हतं. ती पाहुण्यांसाठी असतात. आपण फक्त त्यांना रस्ता सांगायचा. म्हणजे भेटण्यासाठी जागा नामी निवडली होती दोघांनी. ओळखीचं कोणी फिरकण्याची भीतीच नाही.

आत रांग होती. पुढे झुरिकची मंडळी, आणि त्यातला प्रत्येक जण कॉफी कुठे मिळते ते विचारत होता. पण बायको हातची चालली म्हणून काय, रांग मोडायची? ते त्याच्या रक्तातच नव्हतं. मागची फौज पुलावरून आलेली. तिनं मेल्कच्या मागे सरळ ओळ धरली. शेवटी खिडकीतली मुलगी त्याला म्हणाली, “छत्री आत नेता येणार नाही. कपाटात ठेवा. रेनकोट पण.”

त्यानं दोन्ही ठेवलं. रेनकोटाची घडीसुद्धा घातली.

वरच्या मजल्यावर एका दालनापुढे दोरी बांधली होती. पाटी होती, ‘काम चालू, प्रवेश बंद’. आणि आतून अगाथाचा आवाज येत होता. जन्मभर आगबोटीवर दोरी ओलांडणाऱ्यांवर खेकसलेला हा माणूस. दोरीपुढे तो थबकला. त्यानं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि टांग टाकली.

आत त्याची हिरवी खुर्ची होती. शेजारी त्याचा रेडिओ. खुर्चीत पाठमोरा एक पिकल्या केसांचा गृहस्थ बसला होता, अंगात तपकिरी स्वेटर. अगाथा वाकून त्याच्या गळ्याचं बटण लावत होती. इतक्या मायेनं! “हं, आता बस शहाण्यासारखा,” ती म्हणत होती.

“ऊठ!” मेल्क गरजला. “ऊठ माझ्या खुर्चीतून!”

गृहस्थ ढिम्म.

“बहिरा आहेस का रे? बायको घेतलीस, स्वेटर घेतलास, आता वर तोंडही दाखवत नाहीस?” असं म्हणून मेल्कनं त्याचा खांदा धरून गदागदा हलवला.

कट् असा आवाज झाला आणि गृहस्थाचं डोकं निखळून खाली पडलं. गडगडत जाऊन फाँड्यूच्या भांड्याला थडकलं. कुठेतरी घंटा ठणाणायला लागली.

“मेला!” मेल्क किंचाळला. “अगाथा, मी मारलं त्याला!”

“मेल्क!” अगाथा ओरडली. “बूट पुसून आलास का?”

दालनाच्या प्रमुख रेगुलाबाई धावत आल्या. त्यांच्यामागे पहारेकरी, आणि त्याच्यामागे पुलावरची ती सगळी फौज. तिला वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग आहे. तिनं टाळ्या वाजवल्या.

घंटा बंद झाल्यावर उलगडा झाला. ‘ल्युसर्नमधलं घर: कालपरवापर्यंत’ असं नवं दालन रविवारी उघडायचं होतं. संग्रहालयानं लोकांकडे जुनं सामान मागितलं, अगाथानं तळघर उपसलं, आणि मांडणी करणारी मंडळी गुरुवारी जमतात म्हणून धुण्याचा वार सोडला. लाकडाचा तो पुतळा तिनं स्वतः सजवला होता. त्याच्या पायाशी पाटी होती, ‘निवृत्त गृहस्थ. वेळ: दुपार.’

“मला सांगायचंस तरी,” मेल्क म्हणाला.

“सांगितलं असतं तर एकेका वस्तूला मिठी मारून बसला असतास. त्या भांड्याचा कानसुद्धा तुटलाय, पण टाकू देत नव्हतास.” मग त्याची लाल टोपी, कॅमेरा, घामेजलेलं कपाळ, सगळं तिनं नीट पाहिलं. “तुला खरंच वाटलं, मी तुला सोडून चालले?”

“गुरुवार दिलास तू, अगाथा. मग मला दुसरं काय वाटणार?”

हे मात्र तिलाही पटलं. तिनं डोळे पुसले, मग त्याची टोपी सरळ केली. “वेडा आहेस,” ती म्हणाली. “खुळा आहेस अगदी.”

पण पुतळ्याची मान मोडली होती. डोकं आता बासेलच्या कारागिराकडे पाठवणं भाग होतं आणि उद्घाटन तर तोंडावर. रेगुलाबाईंनी आधी खुर्चीकडे पाहिलं, मग मेल्ककडे. “खुर्चीतला खड्डा तुमच्याच मापाचा दिसतो,” त्या म्हणाल्या.

झालं! रविवारपासून निवृत्त गृहस्थ म्हणून स्वतः मेल्क बसला. हलायचं नाही, बोलायचं नाही. दोरीपाशी उभी राहून अगाथा लोकांना माहिती द्यायची. बाप रे, नाकावर माशी बसली तरी उडवायची सोय नव्हती. वेन्डेल आला, खुर्चीपुढे उभा राहिला, आणि विचारतो कसा, “अगाथा, आज मेल्क नाही आला?” मग बेर्नचं एक जोडपं आलं. बाई म्हणाली, “किती हुबेहूब, नाही?” नवरा म्हणाला, “छे! चेहऱ्यावर काही भाव नाही, डोळ्यांत काही नाही. असा माणूस असतो का कुठे?”

“असतो,” अगाथा म्हणाली.

गुरुवार काही परत मिळाला नाही. फेलमानबाई हसून चहा पाजतात आणि विषय बदलतात. तेव्हा दर सोमवारी टोपली घेऊन मेल्कच खाली जातो. संशयाचं प्रायश्चित्त म्हणून अगाथानं ते त्याच्याकडे दिलंय.

एका सोमवारी तो चादरी वाळत घालत असताना फेलमानबाई जिन्यातून डोकावल्या. त्या नुकत्याच दुसऱ्यांदा संग्रहालयात जाऊन आल्या होत्या. बासेलहून डोकं आलं होतं, आणि पुतळा पुन्हा खुर्चीत बसला होता.

“काय सांगू, इनाइखेन,” त्या म्हणाल्या, “आधीचा अगदीच लाकडी होता हो. हा नवा बसवलाय ना, तो कसा जिवंत वाटतो!”