शिवाप्पा गार्डचे पेशंट

आमच्या टेकडीच्या वाटेवर वनखात्याच्या शिवाप्पा गार्डनं “काडीपेटी हाय का?” म्हणून विचारलं, तर भोळेपणानं पुढे करू नका. त्याला बिडी ओढायची नसते. जंगलात शिरणाऱ्याची पेटी तो खिशात घालतो आणि “येताना न्या” म्हणतो. येताना तो टेकडीच्या दुसऱ्या टोकाला असतो. माझ्या सहा पेट्या गेल्या. मी शाळामास्तर, जाळून जाळून काय जाळणार, मुलांच्या वह्या! पण ऐकेल तर शपथ.

ही गोष्ट घडली त्या वर्षी दुष्काळ होता. उदगीरकडच्या आमच्या गावात टँकर यायचा आणि टेकडीवरचं गवत पापडासारखं वाजायचं. वणव्याच्या धास्तीनं शिवाप्पानं गावाची होळी कोरड्या ओढ्यात न्यायला लावली, वर कडुनिंबाचा हिरवा फाटा घेऊन राखणीला बसला. लोकांनी त्याच्याच नावानं बोंबा मारल्या. तो शांतपणे ठिणग्या झोडपत होता.

तेवढाच राग किड्यांवर. रोज सकाळी झाडांचा दवाखाना. खोडाला कान लावायचा, भोकात सायकलच्या चाकाची तार घालून अळी ओढायची, रॉकेलचा बोळा कोंबायचा, वरून चिखल. रेशनचं रॉकेल सगळं तिकडेच. शेजारीण करवादायची, “हितं घरात चिमणी पेटंना, अन् ह्यो झाडाला पाजायलाय!”

“बिमाराला आधी द्यावं, मावशी.”

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. आधी खात्याच्या लांबच्या साहेबांचं वर्षातून एकदा दर्शन व्हायचं, आता जीप महिन्याला येऊ लागली. शिवाप्पा सगळ्यांना उत्तरेकडूनच फिरवायचा. दक्षिणेला म्हणे “लई साप हायत.” एका नव्या साहेबांनाही त्यानं उतरताच काडीपेटी विचारली. बिचाऱ्यांनी सिगारेटही पुढे केली. यानं सिगारेट परत दिली, पेटी ठेवली.

ते साहेब हट्टी निघाले. दक्षिणेलाच गेले. तिथं एक सागवान होतं, चिखलाच्या ठिगळांनी भरलेलं. साहेबांनी ठोकून पाहिलं. आत पोकळ.

“आठ दिवसांत पाडा. इथूनच किडा बाकीच्या झाडांत चाललाय.”

एरवी शब्दाला शब्द देणारा शिवाप्पा “व्हय साहेब” एवढंच म्हणाला. किडा इथूनच पसरतोय, हे त्यालाही ठाऊक होतं. दोन वर्षं तो हे झाड लपवत होता.

सातव्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात आला. “गुरुजी, संगट चला. एकट्याला जमंना.”

लाकूडतोडे कुऱ्हाडी घेऊन थांबले होते. त्यांना बाजूला बसवून शिवाप्पानं सागवानाखाली भाकरीचं फडकं सोडलं. अर्धी भाकरी माझ्यापुढे ठेवली.

“मागल्या मोठ्या दुष्काळात हे एवढंसं होतं. आमच्या घरचीनं डोक्यावर घागरी वाहून जगवलं. लेकरू न्हाई आमाला. ती गेल्यापून मी हितंच जेवायलोय.”

मी मोडलेला तुकडा परत फडक्यावर ठेवला. इतकी वर्षं या माणसाची टिंगल केली, त्याची फार लाज वाटली.

तो मात्र सावकाश, सगळं जेवला. तांब्यातलं उरलेलं पाणी बुंध्याशी ओतलं. मग उठून एकाच्या हातातली कुऱ्हाड मागून घेतली.

“दुसऱ्या झाडांला कीड लागंल,” म्हणाला, आणि पहिला घाव त्यानंच घातला.