मॉरीनबाईंचा केक काही केल्या बसेना

माणसाला समाजात मान मिळतो तो त्याच्या अंगच्या गुणांमुळे, असा एक गैरसमज शाळामास्तरांनी फार पूर्वीपासून पसरवून ठेवलेला आहे. वस्तुस्थिती अशी की मान मिळतो तो ते गुण झाकून ठेवण्याच्या कौशल्याला. ज्याला हे कळलं त्याने कुठेही सुखाने राहावं. ज्याला कळलं नाही त्याने निदान इंग्लंडातल्या खेड्यात घर घेऊ नये. मॉरीन ॲकरॉइड यांनी घेतलं.

नेदर कॉम्बली या गावात एक चर्च आहे, एक पब आहे, बदकांचं एक तळं आहे आणि एक चहा-मंडळ आहे. चर्चला देवाचा आधार आहे, पबला नवरेमंडळींचा. चहा-मंडळ स्वयंभू आहे. त्यात सात बायका असतात. पाद्रीबाबा ऑस्विन टिली हे पदसिद्ध सभासद असून त्यांच्याकडे खाण्याचं खातं आहे. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी दुपारी चार वाजता एकेका सभासदाच्या घरी बैठक भरते आणि चहाबरोबरचे सर्व पदार्थ तिने स्वतःच्या हाताने घरी केलेले असावे लागतात. काकडीची सँडविचं, स्कोन म्हणजे लोणी-जॅम लावून खायचे छोटे गोल पाव, आणि मध्ये जॅम घातलेला स्पंज केक. मंडळाची घटना लिहिलेली नाही, कारण जे लिहून ठेवावं लागतं ते पाळणारी माणसं खालच्या दर्जाची, असं अध्यक्षा लेटिशिया विंटरबॉर्न यांचं मत आहे.

मॉरीनबाई आणि त्यांचे यजमान नेव्हिल हे निवृत्तीनंतर यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्सहून इथे आले. त्याला आता इतकी वर्षं झाली की त्यांनी लावलेल्या सफरचंदाच्या झाडाचा मुरंबा अर्ध्या गावाने खाल्लेला आहे. गाव त्यांना ‘ते नवीन आलेले’ म्हणतं. यात अपमान काही नाही. फक्त नवीन आलेल्यांना कोणी काही सांगत नाही. कोण आजारी आहे, कुणाची मुलगी माहेरी परत आली, कुणाचं काय झालं, हे सगळं गुरुवारी चहाबरोबर वाढलं जातं आणि तिथेच संपतं. मागच्या हिवाळ्यात शेजारची म्हातारी मिसेस क्रॅब वारली. मॉरीनबाई कुंपणावरून तिच्याशी रोज बोलायच्या. तिला पुरून झाल्याचं त्यांना पोस्टमनकडून कळलं. त्या दिवशी त्यांनी नेव्हिलला एवढंच सांगितलं, “उद्या मी गेले तर तुला तरी कुणी कळवेल का रे?” आणि पुन्हा भांडी घासायला लागल्या.

त्यामुळे मंडळातल्या मिसेस थर्लवेल लेकीकडे लेस्टरला राहायला गेल्या (मंडळाच्या दृष्टीने वारल्या) आणि एक खुर्ची रिकामी झाली, तेव्हा मॉरीनबाईंनी सगळा जीव त्या खुर्चीत गुंतवला. मंडळानेही मोठ्या मनाने एक बैठक त्यांच्या घरी ठेवायचं मान्य केलं. तिला परीक्षा म्हणायचं नाही, असं आधीच ठरलं होतं.

आता इथे एक बाब ध्यानात घ्यायला हवी. मॉरीनबाईंचे वडील भटारी होते. हॅलिफॅक्सच्या उतारावर त्यांची पाव-केकची लहानशी भट्टी होती आणि परकराच्या वयापासून मॉरीनबाई तिथे पीठ मळत होत्या. हाताला जे वळण लागलं ते लागलं. लोण्याला नुसतं बोट लावून ते पिठात घालायला पुरेसं गार आहे की नाही ते त्यांना कळतं. त्यांचे स्कोन असे फुगतात की मधोमध आपोआप उकलतात आणि सुरीला विश्रांती मिळते. त्यांच्या केकवर पाण्याचा पेला ठेवला तर पाणी हलणार नाही. हे सगळं अर्थातच त्यांचं दुर्दैव होतं, पण त्यांना ते ठाऊक नव्हतं.

पहिल्या गुरुवारी मंडळ जमलं. नेव्हिलने कोट घालून चहा फिरवला. मॉरीनबाईंनी स्कोनची परात टेबलावर ठेवली, हात पुसले, आणि आनंदाने म्हणाल्या, “आज छान जमलेत.”

भजन रंगात आलेलं असताना एकाने टाळ चुकवावा आणि सगळ्यांनी त्याच्याकडे न बघता जमिनीकडे बघावं, तसं झालं. सहा कप सहा बशांवर एकदम ठेवले गेले. फक्त टिलीसाहेबांच्या काही लक्षात आलं नाही. ते देवमाणूस आहेत, शिवाय भुकेले होते. त्यांनी एक स्कोन खाल्ला, दुसरा खाल्ला, चौथ्याला हात घालताना त्यांचे डोळे पाणावलेले होते, आणि ते म्हणाले की इतकं चांगलं काही आपण आयुष्यात खाल्लेलं नाही. त्यामुळे परिस्थिती आणखी बिघडली.

विंटरबॉर्नबाईंनी एक स्कोन उचलून खिडकीच्या उजेडात धरला. “किती एकसारखे झालेत गं हे,” त्या म्हणाल्या. “अगदी दुकानातल्यासारखे.”

काही समाजांत या कामासाठी थोबाडीत मारतात. नेदर कॉम्बली सुसंस्कृत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाच्या सभासद ग्वेंडा पिम एक छत्री परत करायला आल्या. छत्री मॉरीनबाईंची नव्हती, पण गावात कुणाकडे खरं कारण घेऊन जात नाहीत. ग्वेंडाबाई मनाने चांगल्या. त्या स्वयंपाकघरात बसल्या, त्यांनी चहा घेतला, आणि हवापाणी संपल्यावर हळूच म्हणाल्या, “मॉरीन, अगं, असं कुणी म्हणतं का?”

“काय म्हटलं मी?”

“छान जमलेत म्हणून.”

“पण जमले होते ना.”

“म्हणून काय आपणच सांगायचं? आपण म्हणायचं, बाई गं, आज सगळा सत्यानाश झाला. मग आम्ही म्हणणार, छे, काहीतरीच काय. मग तू म्हणायचं, नाही हो, बघा ना, इथे कसा करपलाय. मग आम्ही म्हणणार, तिथेच तर गंमत आहे. तू आम्हाला म्हणायला काही ठेवलंच नाहीस. लेटिशिया बिचारी घशात शब्द घेऊन घरी गेली.”

मॉरीनबाईंनी कबूल केलं की चुकलंच. पुढच्या वेळी सत्यानाश झाला असं नक्की म्हणेन.

“नुसतं म्हणून नाही चालायचं. झालेला असायला हवा. सगळ्यांना वाटतंय तू विकतचं आणलंस.”

“घरचंच होतं गं.”

“ते घरचं दिसायला हवं ना.”

आणि मग ग्वेंडाबाईंनी त्यांना शास्त्र समजावून दिलं. ते थोडक्यात असं. घरचा पदार्थ हा बिघडलेलाच असतो, नाहीतर तो घरचा कशावरून? गावातले दहापैकी नऊ केक मधोमध बसतात. दहावा करणारीला त्या दिवशी बरं नसतं. मात्र बिघडण्याला श्रेणी आहेत. मध्ये किंचित बसलेला आणि वरून बुक्का लावावा तशी पिठीसाखर भुरभुरलेला केक, ही पहिली श्रेणी. खाली करपलेला, पण करपट भाग सुरीने खरवडल्याच्या खुणा दिसतात असा, ही दुसरी (खुणा नसल्यास आळशीपणा समजला जातो). आतून कच्चा राहिला तर सहानुभूती मिळते, मान मिळत नाही. विंटरबॉर्नबाईंचा केक इतक्या सातत्याने आणि इतक्या प्रमाणबद्ध रीतीने बसतो की त्या खळग्यात क्रीम भरण्याची पद्धत पुढे गावभर रूढ झाली. त्या उगाच अध्यक्षा नाहीत.

जाता जाता ग्वेंडाबाईंनी सांगितलं की लेटिशियाचं मन मोठं आहे आणि पुढची बैठकही मॉरीनकडेच ठेवायची तिची तयारी आहे. त्यानंतर मात्र खुर्ची रिकामी ठेवणं बरं दिसणार नाही.

त्या दिवसापासून ॲकरॉइड यांच्या घरात केक बिघडवण्याचे प्रयोग सुरू झाले.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, बिघडवणं काय अवघड आहे? त्याने करून बघावं. केक अर्धवट भाजला असताना भट्टीचं दार उघडलं की तो खचतो, हे शास्त्र आहे. मॉरीनबाईंनी दार उघडलं, खुर्ची घेऊन समोर बसल्या, नेव्हिलला वर्तमानपत्राने वारा घालायला सांगितलं. केक आणखी दोन बोटं वर आला. अंडी कमी फेटली, तर हात आपोआप फेटत राहिला. पीठ जास्त घातलं, तर त्यांच्या नकळत दुसऱ्या हाताने दूध जास्त घातलं. स्कोनचा साचा पिठात सरळ दाबायचा असतो, फिरवला की कडा मिटतात आणि स्कोन एका अंगाला कलतो. पण मनगट फिरेचना. बापाने लहानपणी त्या मनगटावर उलथनं मारून ते सरळ केलेलं होतं. अखेर डाव्या हाताने साचा धरल्यावर स्कोन जरा झिंगल्यासारखे दिसायला लागले आणि घरात थोडी आशा निर्माण झाली.

फुगलेले केक नेव्हिल खात होता. तो खाऊन दमल्यावर तळ्यातली बदकं खात होती. पुढे पुढे बदकं चालत येऊ लागली, कारण उडणं त्यांना जमेना.

नेव्हिलने एकदा सुचवलं की केक मीच करतो. त्याने केला. तो दारात पाऊस अडवायला ठेवला आहे.

रविवारी संध्याकाळी मॉरीनबाई चर्चमध्ये गेल्या. गायकवृंद उपासना आळवत होता. टिलीसाहेबांचा गळा गोड आहे, आणि ते गाऊ लागले की पब पण जरा हळू बोलतो. वर चढलेल्यांना प्रभू खाली उतरवतो, अशा अर्थाचं काहीतरी चाललं होतं. ते ऐकून मॉरीनबाईंना भडभडून आलं. त्यांनी गुडघे टेकले आणि मनापासून प्रार्थना केली की देवा, तू मोठमोठ्या राजांना खाली आणलंस, माझा एक केक खाली आण. देवाकडे आजवर पाऊस, पुत्र, आरोग्य आणि शत्रूचा नाश अशा मागण्या पुष्कळ गेल्या असतील. ही बहुधा पहिलीच होती. त्यामुळे वर तिच्यावर विचारविनिमयाला वेळ लागला असावा.

कारण गुरुवारी दुपारी बारा वाजता केक भट्टीतून बाहेर आला तो सपाट, उंच, सोन्यासारखा.

मॉरीनबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. आता दुसरा करायला अंडी नव्हती. त्या स्टुलावर बसल्या आणि ॲप्रनमध्ये तोंड घालून रडल्या. “बाबांनी सगळं शिकवलं,” त्या म्हणाल्या, “तेवढं सोडून. आता मी मरेपर्यंत नवीनच राहणार.”

नेव्हिल हा कमी बोलणारा माणूस. संसारात त्याचे आणि स्वयंपाकघराचे संबंध मैत्रीचे पण लांबचे होते. तो केकजवळ गेला, त्याने स्वेटरची बाही नीट केली, आणि आपलं उजवं कोपर त्या गरम केकच्या मधोमध ठेवून त्यावर सगळा भार दिला. मग कोपर काढलं आणि म्हणाला, “बसला.”

बसला खरा. खळगाही बेताचा पडला. फक्त त्या खळग्यात त्याच्या जाड लोकरीच्या स्वेटरची वीण सुबक उमटली होती, एक उलट एक सुलट. पिठीसाखर भुरभुरल्यावर ती अधिकच उठून दिसू लागली.

चार वाजता मंडळ जमलं. झिंगलेल्या स्कोनांनी वातावरण पुष्कळच निवळलं. मग मॉरीनबाईंनी केक आणला. “काय सांगू,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज खरंच कापत होता, “आज सगळा सत्यानाश झाला.”

“छे, काहीतरीच काय,” सगळ्या एका सुरात म्हणाल्या. ग्वेंडाबाईंनी डोळे टिपले.

विंटरबॉर्नबाई वाकल्या. त्यांनी खळगा पाहिला. वीण पाहिली. त्याच वेळी नेव्हिलने त्यांच्यापुढे साखरेचं भांडं धरलं, आणि त्याच्या उजव्या कोपराला केकचा चुरा चिकटलेला होता. विंटरबॉर्नबाईंचे यजमान न्यायाधीश होते. पुरावा कसा बघायचा ते त्यांना माहीत होतं. त्यांनी कोपराकडे पाहिलं, केककडे पाहिलं, पुन्हा कोपराकडे पाहिलं.

पण विचार केला तर निकाल एकच लागू शकत होता. इंग्लंडातल्या कोणत्याही दुकानात, कितीही पैसे मोजले तरी, आत नवऱ्याचं कोपर उमटलेला केक विकत मिळत नाही.

“हा मात्र घरचा,” विंटरबॉर्नबाई म्हणाल्या. आणि शेजारच्या खुर्चीवरची आपली पर्स उचलून खाली ठेवत म्हणाल्या, “बस गं मॉरीन. उभी का? तुला कळलं का, डॉक्टरांच्या बायकोचं काय झालं ते?”

मॉरीनबाई बसल्या. त्यांना डॉक्टरांच्या बायकोचं कळलं, पोस्टमास्तरच्या मुलाचं कळलं, आणि शेजारच्या म्हातारीने शेवटच्या दिवसांत त्यांची दोनदा आठवण काढली होती, तेही कळलं. (पुढच्या तीन बैठकांना केकवर विणकाम आढळून आलं. मंडळाने त्याची नोंद घेतली नाही.)

टिलीसाहेबांनी त्या दिवशी अर्धाच तुकडा घेतला. “अप्रतिम,” ते म्हणाले, जसं ते नेहमी म्हणतात. आता मंगळवारी सकाळी ॲकरॉइड यांच्या स्वयंपाकघराचे पडदे ओढलेले असतात आणि पाद्रीबाबा मागच्या दाराने आत जातात, गाण्यांची निवड करायला. टेबलावर काय असतं ते कुणी विचारत नाही. ते खाताना डोळे मिटतात, आणि बाईही त्या वेळी काही बोलत नाहीत.

तर अशी ही माणसं. तुम्ही हसलात, ते बरोबरच आहे. ढोंगीपणा तो ढोंगीपणाच. पण एक विचारतो, वाचकहो, रागावू नका. दुपारी बारा वाजता तो केक भट्टीतून चांगला निघाला, तेव्हा तुमच्या पोटात धस्स झालं की नाही? आणि त्या सोन्यासारख्या अन्नात एका म्हाताऱ्याचं कोपर रुतलं, तेव्हा जीव भांड्यात पडला की नाही? मॉरीनबाईंना निदान एक खुर्ची हवी होती.

तुम्हाला काय हवं होतं?