दहा टक्के तूट

"स्वयंपाकघराला हात लावू नका," एवढं एकच बजावून निरीक्षकांची बायको आठ दिवसांसाठी बहिणीकडे गेली. बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. आता स्वयंपाकघर म्हणजे नेमकं कुठपासून कुठपर्यंत, हे काही ती सांगून गेली नाही, आणि वजनमापे खात्यात बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला हद्द आखून दिली नाही की तो स्वतःच आखतो. निरीक्षकांनी आखली. फरशीचा रंग बदलतो तिथून पुढे स्वयंपाकघर, अलीकडे बैठकीची खोली, आणि मधली दाराची चौकट कुणाचीच नाही. पुढचं सगळं रामायण या चौकटीपायी झालं.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी सगळी गल्ली त्यांना निरीक्षकच म्हणायची. नोकरीत असताना रस्त्याच्या या कडेला उभं राहून त्या कडेच्या दुकानातला तराजू किती झुकतोय हे सांगणारा माणूस. निवृत्तीनंतर ती नजर रिकामी झाली आणि जुन्या बाजारात जाऊन पोचली. दर आठवड्याला काहीतरी घरी यायचं. एक हात नसलेली आरामखुर्ची आली. काच नसलेला कंदील आला. एक अक्षर न उमटणारा टाईपरायटर आला आणि त्यामागोमाग किराणा दुकानातला एक पितळी तराजू आला, त्याच्या एका पारड्यात कांदे आणि दुसऱ्यात बटाटे राहायला लागले. बायको पहिल्यांदा हसली, मग गप्प झाली, आणि टाईपरायटर आला त्या दिवशी म्हणाली की या घरात चालू स्थितीतली जुनी वस्तू म्हणजे आता मी एकटीच उरलेय.

त्यात मुलगी चार वर्षांनी यायची होती. दूरदेशी नोकरी, रजा मिळत नाही, तिकीट परवडत नाही, असं करता करता चार वर्षं गेली होती. नात आता सहा वर्षांची झाली होती आणि तिला आठवणारे आजोबा फक्त फोनच्या पडद्यावरचे होते, तेही बहुतेक वेळा अर्धेच. बायकोला वाटत होतं की निदान नवा सोफा घ्यावा. निरीक्षकांचं म्हणणं असं की एका सोफ्याच्या पैशात अख्खं घर सजतं, फक्त नजर पाहिजे. बायको बहिणीकडे गेली आणि नजरेला रान मोकळं मिळालं.

दुसऱ्याच दिवशी त्यांना ती फळी सापडली. कुठल्या तरी पाडलेल्या घराच्या दाराची उभी बाजू होती ती. जुनं सागवान, निळ्या रंगाचे पोपडे निघालेले, आणि कडेनं पेन्सिलीच्या आडव्या रेघा. प्रत्येक रेघेशेजारी वय लिहिलेलं. कुणीतरी आपल्या पोराची उंची मांडून ठेवली होती, तीन वर्षांपासून पंधरा वर्षांपर्यंत. निरीक्षकांनी लाकूड ठोकून पाहिलं, वाळवी नाही याची खात्री केली आणि घासाघीस करून फळी खांद्यावर मारली. दारापाशी उभी करून तिला खुंट्या ठोकायच्या, टोप्या आणि छत्र्या अडकवायच्या, असा बेत होता. रेघांकडे त्यांनी फारसं लक्ष दिलं नाही.

फळी भिंतीला लावली आणि घर बिघडलं. म्हणजे फळी सुरेख दिसायला लागली आणि बाकीच्या तिन्ही चौकटी तिच्याशेजारी चकचकीत, कालपरवा रंगवल्यासारख्या. मग त्यांनाही थोडं जुनं करणं आलं. निरीक्षकांनी हार्डवेअरच्या दुकानातून घासायचं मशीन दोन दिवसांच्या भाड्यानं आणलं. डोळ्यांना गॉगल, तोंडाला रुमाल. दिवाणखान्याची चौकट झाली, झोपायच्या खोलीची झाली. मशीन हाताखाली असं गोड चालत होतं की थांबवत नव्हतं. मग स्वयंपाकघराच्या चौकटीची पाळी आली. आतल्या बाजूला खिळ्यावर बायकोची लांबलचक कापडी पिशवी वर्षानुवर्षं लटकत होती. ती काढली, तर खाली कुणीतरी पेन्सिलीनं गिचमिड लिहिलेलं होतं. रंगाऱ्याचं काहीतरी असणार, असं म्हणून त्यांनी मशीन फिरवलं. पाच मिनिटांत लाकूड कसं स्वच्छ निघालं.

संध्याकाळी बायकोचा फोन आला. बहीण बरी आहे, औषध घातलंय, असं सगळं सांगून झाल्यावर ती नातीबद्दल बोलायला लागली. पोर शाळेत सगळ्यांत बुटकी आहे. वर्गातली मुलं चिडवतात, रांगेत कायम पहिली उभी करतात, त्यामुळे ती हल्ली शाळेत जायलाच कुरकुर करते. म्हणून आजीनं तिला सांगितलं होतं, तुझी आई सहा वर्षांची असताना तुझ्यापेक्षाही बुटकी होती, खोटं वाटत असेल तर इथं ये आणि चौकटीवरची रेघ बघ.

"चार दिवस झाले, दुसरं काही बोलत नाहीये," बायको म्हणाली. "आल्या आल्या आधी त्या चौकटीला उभी राहणार आहे म्हणे."

"कुठल्या चौकटीला?" निरीक्षकांनी विचारलं.

"स्वयंपाकघराच्या. पिशवीखाली. सहाव्या वर्षापर्यंतच्या रेघा तुमच्या आईनं काढल्यात, मग त्या गेल्या आणि पुढच्या मी काढल्या. असं काय करताय, माहीत नाही का तुम्हाला?"

माहीत नव्हतं. हेच तर सगळ्यांत वाईट होतं. लेकीच्या प्रत्येक वाढदिवसाला घरात रेघ मारली जायची, आणि प्रत्येक वाढदिवसाला निरीक्षक कुठल्या तरी बाजारपेठेत तपासणीला गेलेले असायचे. गावोगावच्या दुकानदारांच्या मीटरपट्ट्या त्यांनी मोजल्या, सूतभर आखूड निघाली तरी जप्त केल्या. स्वतःच्या पोरीला एकदाही मोजलं नाही. आणि आता आईच्या हातचं घरात जे काही अक्षर शिल्लक होतं ते त्यांनी भाड्याच्या मशीननं घासून काढलं होतं, रंगाऱ्याचं म्हणून. ते एक हात नसलेल्या आरामखुर्चीत बराच वेळ बसून राहिले.

बायकोला फोन करून सांगून टाकलं असतं तर गोष्ट तिथंच मिटली असती. पण बत्तीस वर्षं दुसऱ्याच्या चुका पकडणाऱ्याला स्वतःची कबूल करायची सवय नसते. सकाळी उठल्यावर त्यांची नजर दारापाशी उभ्या असलेल्या फळीवर गेली. पोरगं कुणाचंही असो, पोरं शेवटी सारखीच वाढतात, असा त्यांनी हिशोब केला. लेक लहानपणी बुटकी होती, तिला सगळे टिल्लूच म्हणत, हे त्यांना आठवत होतं. तेव्हा फळीवरचं प्रत्येक माप घ्यायचं आणि त्यातून सरसकट दहा टक्के तूट धरायची. खात्यात धान्याला तूट धरायचे, तशीच ही.

निवृत्तीच्या वेळी खात्यानं दिलेली पितळी मीटरपट्टी त्यांनी कपाटातून काढली. मिलिमीटरचाही फरक नाही अशी ती पट्टी. खोटं माप इतक्या काटेकोरपणे आजवर कुणी घेतलं नसेल. पेन्सिल पाहिजे होती सुतारी, ती खालच्या मजल्यावरच्या सुताराकडे होती. सुतार पेन्सिल द्यायला म्हणून वर आला आणि सगळा प्रकार पाहून तिथंच बसला.

"साहेब, असं माप आम्ही दिलं असतं तर तुम्ही दुकानाला कुलूप लावलं असतं," तो म्हणाला. मग चौकटीकडे बघून त्यानं तज्ज्ञाचं मत दिलं की लाकूड फार पांढरं दिसतंय, यावर जुन्या रेघा शोभायच्या नाहीत, चहाचं पाणी लावा.

चहाचं पाणी लावलं, तर चौकट गडद झाली. एकच गडद चालेना म्हणून उरलेल्या दोघींना लावलं. दोन डबे चहापत्ती संपली आणि घराला रेल्वे स्टेशनवरच्या चहाच्या टपरीचा वास लागला. वाळल्यावर निरीक्षकांनी रेघा मारल्या. सहाव्या वर्षापर्यंत आईसारखं गोल अक्षर काढायचा प्रयत्न केला, पुढे बायकोसारखं तिरकं. आईचं अक्षर काढताना हात दोनदा थांबला. तेव्हाच थांबायला हवं होतं. पण त्यांनी पंधराव्या वर्षापर्यंत सगळं पुरं केलं, वरून पिशवी अडकवली आणि मशीन परत देऊन आले.

बायको परस्पर विमानतळावर गेली होती, त्यामुळे रविवारी दुपारी ती, लेक आणि नात एकाच गाडीतून उतरल्या. बायकोनं आत पाऊल टाकलं, एक मोठा श्वास घेतला आणि खिडक्या उघडल्या. लेक आजूबाजूला बघत म्हणाली की घर किती छान केलंय बाबा, आणि निरीक्षकांना अजिबात आनंद झाला नाही. नातीनं बूटसुद्धा काढले नाहीत. ती थेट स्वयंपाकघराच्या दारात गेली, पिशवी बाजूला केली आणि पाठ टेकून ताठ उभी राहिली.

"आजी, बघ. मी आईपेक्षा उंच आहे ना?"

सहाव्या वर्षाची रेघ तिच्या डोक्याच्या चांगली तीन बोटं वर होती, आणि तेही पायांत बूट असताना. तिनं मान वळवून स्वतःच पाहिलं. ती रडली नाही. नुसती खाली बसली आणि बुटाचा बंद सोडायला लागली. निरीक्षकांना वाटलं, ही रडली असती तर बरं झालं असतं.

लेक पुढे आली. तिला काहीतरी खटकलं असावं. ती पंधराव्या वर्षाच्या रेघेला पाठ लावून उभी राहिली आणि हात डोक्यावरून मागे नेला. रेघ चार बोटं वरच होती.

"बाबा," ती म्हणाली, "मी आटले की काय?"

आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. निरीक्षकांनी सगळं सांगितलं. मशीन, गिचमिड, फळी, तूट, चहा. एकही गोष्ट गाळली नाही, तपासणीचा अहवाल वाचावा तसं क्रमानं सांगितलं, आणि शेवटी म्हणाले की माझं चुकलं. हे वाक्य त्यांच्या तोंडून घरात पहिल्यांदाच निघत होतं, त्यामुळे ते जरा अडखळतच निघालं.

"मला पिशवी बाजूला झाली तेव्हाच कळलं," बायको म्हणाली. "सासूबाई पाचाचा आकडा असा काढत नव्हत्या. त्यांच्या पाचाला पोट मोठं असायचं." तिनं त्या आकड्यावर बोट ठेवलं आणि लगेच उचललं. "पुसल्या गेल्या त्याचं मला वाईट वाटलंच. वाटणारच. पण चुकून झालं म्हणून मी सोडून दिलं असतं. तुम्ही त्यांच्या हातचं म्हणून हे लिहिलंत, ते नव्हतं करायला पाहिजे."

बायकोनं ओलं फडकं आणलं आणि वरपासून खालपर्यंत सगळ्या रेघा पुसून काढल्या. चहाचा रंगही थोडा निघाला. मग तिनं नातीला बूट काढायला लावून पुन्हा उभं केलं.

"हे आजोबांचं चुकलं होतं. खरं माप माझ्या डोक्यात आहे," ती म्हणाली. "तुझी आई सहा वर्षांची होती ना, तेव्हा ती माझ्या इथपर्यंत यायची." तिनं स्वतःच्या कमरेच्या वर तळहात आडवा धरला आणि तसाच सरकवत चौकटीवर नेला. नेता नेता तिनं एकदा नातीच्या डोक्याकडे पाहिलं, आणि तिचा अंगठा बोटभर खाली घसरला. तिथं तिनं रेघ मारली.

तो अंगठा निरीक्षकांनी पाहिला. कापड मोजताना असाच अंगठा सरकवला म्हणून त्यांनी बत्तीस वर्षांत कितीतरी कापडवाल्यांना दंड केला होता.

नात वळली. रेघ तिच्या डोक्याच्या बोटभर खाली होती. तिनं ती दोनदा हात लावून पाहिली, आणि मग थेट आजोबांकडे बघितलं. ते माप तपासतात, हे तिला आईनं कधीतरी सांगितलं असणार.

"आजोबा, बरोबर आहे का?"

पितळी पट्टी टेबलावरच पडली होती. निरीक्षकांनी तिच्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. बायको फडकं पिळत होती.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

"मग आता हिची रेघ मारा," बायको म्हणाली आणि पेन्सिल त्यांच्या हातात दिली. "तारीखही घाला. आईंच्या अक्षरात नको. तुमच्याच घाला."

निरीक्षक गुडघ्यावर बसले. नातीच्या केसांवर त्यांनी पट्टी आडवी धरली, ती डोक्याला टोचू नये म्हणून खाली स्वतःचं बोट ठेवलं, आणि रेघ मारली. आपल्या घरातल्या कुणाची उंची त्यांनी मोजली ती ही पहिलीच. रेघ जरा वाकडी आली. त्यांनी नातीचं वय लिहिलं, तारीख लिहिली, आणि हाताला सवय होती म्हणून तराजूवर शिक्का मारल्यावर लिहायचे तशी खाली आणखी एक ओळ लिहिली : पुढील तपासणी एक वर्षानं.

बायकोनं ती ओळ वाचली. पिशवी परत खिळ्यावर अडकवत ती म्हणाली, "त्या दिवशी घरी असा म्हणजे झालं."