कोकिळेला हवी ती बोली

अंकिताची एसटी माधवनगरच्या वाटेला लागली असेल-नसेल, तेवढ्यात इकडे कोकिळेनं दूध चोरलं.

कोकिळा म्हणजे हवालदार लालासाहेबांच्या दावणीची म्हैस. तिचा आवाज फाटक्या कर्ण्यासारखा होता, पण नाव आवाजावरून नाही, रंगावरून पडलेलं. काळीभोर अंगकांती, बीजेच्या चंद्रासारखी शिंगं, आणि रुसली की आषाढाच्या ढगासारखी गप्प. नुकतीच व्यायली होती. व्यायल्यापासून धार सून अंकिताच काढायची, म्हणून निघताना तिचा पाय दारातून उचलत नव्हता. सांगलीत बेदाणा परदेशी धाडणाऱ्या एका कंपनीत दुसऱ्या दिवशी सकाळी तिची मुलाखत होती, तीही सगळी इंग्रजीत. रात्रीच मावशीकडे जाऊन राहायला हवं होतं.

"मामा, ती दुसऱ्या कुणाला कासंला हात लावू देत न्हाई. ऱ्हाऊ दे का माझं जाणं?"

"अगं, मी बर्फात पलटणी सांभाळल्या," लालासाहेब मिशीवर पालथी मूठ फिरवत म्हणाले होते. "एका म्हशीचं काय घेऊन बसलीस? जा बिनघोर."

आता संध्याकाळ कलली होती आणि बर्फातला तो माणूस रिकामी बादली गुडघ्यांत धरून घामानं भिजला होता. रेडकू लावलं की कोकिळा पान्हा सोडायची. रेडकू ओढून लालासाहेब बसले, की सड असे आखडायचे जणू कधी दूध नव्हतंच. सगळंच रेडकाला पाजावं, तर इवलंसं पोट ते, हगवण लागायची. नाही काढावं, तर ताजी कास सकाळपर्यंत दगड होऊन बसायची.

त्यांनी आंबोण पुढं ठेवलं. कोकिळेनं ते खाल्लं, आणि पाहुणचार वेगळा, व्यवहार वेगळा, अशा नजरेनं पाहिलं. मग त्यांच्या बायकोनं, रंगूबाईंनी, सुनेचा गाऊन साडीवरूनच अंगावर चढवला, वर तिचीच ओढणी घेतली. कोकिळेनं गाऊन हुंगला, रंगूबाईंकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं. रंगूबाई हटल्या नाहीत. जात्यावर बसल्यासारखा गळा लावला त्यांनी:

"काळी गं माझी म्हस, दारी ढगाची सावली,
सोड गं पान्हा बाई, तू बी लेकराची माउली."

ओवी इतकी गोड होती, की शेजारच्या गोठ्यातली गाय रवंथ करायची थांबली. कोकिळेनं शेपटी उचलून शेण टाकलं.

एवढ्यात किटली हलवत इलाहीभाई आले. एसटीच्या थांब्यावर त्यांचा चहाचा गाडा, आणि गाड्याला दूध कोकिळेचं. गाऊनमधल्या रंगूबाईंना पाहून त्यांनी आधी नजर खाली घातली, मग सगळं ऐकून घेतलं आणि दगडावर टेकले.

"हवालदार, सूनबाईला फोन लावा. सांगलीहून शेवटची गाडी हाय अजून."

लालासाहेबांनी खिशातून मोबाईल काढला आणि हातातच धरून ठेवला. बोलावलं तर पोरगी येईल, हे त्यांना ठाऊक होतं. हूं की चूं न करता येईल आणि सकाळी इथंच धार काढत बसेल. मुलगा शंभूराज सरहद्दीवर, वर्षातून एकदा घरी. त्याच्या मागं या पोरीनं घर धरलं, गोठा धरला, आणि वर तासगावला इंग्रजीचा क्लास केला. आणि आज आपण म्हशीसाठी तिला माघारी आणायचं?

"ती काय निराळं करती गं धार काढताना?" त्यांनी रंगूबाईंना विचारलं.

रंगूबाई गाऊनचे बंद सोडता सोडता थांबल्या. "बोलती म्हशीसंगं."

"काय बोलती?"

"इंग्रजी. आवं, घरात बोलायची चोरी. एकदा जेवताना चार शब्द बोलली, तर तुमी म्हणालात, गोऱ्या सायबाचं राज परत आलं का काय. हसलात बी. तवापासनं ती गोठ्यात बोलती. म्हस हसत न्हाई."

इलाहीभाईंनी किटलीचं झाकण उगाच उघडून पुन्हा लावलं.

इंग्रजी तर इंग्रजी. लालासाहेबांनी पलटणीत इंग्रजी काही कमी ऐकलं नव्हतं. ते पाटावर सरसावले, सडाला हात घातला आणि शक्य तेवढ्या मायेनं म्हणाले, "स्टँड ॲट ईज."

पण तो आवाज मैदानावर घडलेला. माया घातली तरी त्यात छाती फुगलेलीच. कोकिळा दोन पावलं मागं सरली. "अटेन्शन," ते घाईनं म्हणाले, आणि बादली उडून उकिरड्यावर पडली.

"तिला हुकूम नको हाय," रंगूबाई म्हणाल्या. "तिला गोष्ट पायजे."

मग लालासाहेबांनी फोन लावला. अंकिता घाबरीघुबरी होऊन म्हणाली, "मामा, कोकिळेनं दूध दिलं न्हाई ना? मी निघते लगेच."

"म्हशीचं नाव नको काढू. तुझं ते उद्याचं इंग्रजी म्हणून दाखव बघू. मला ऐकायचंय."

पलीकडं उचललेली पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"तुमाला?"

"व्हय. मला."

रंगूबाईंनी फोनचा आवाज मोठा करून तो कोकिळेच्या कानाशी धरला. लालासाहेब पुन्हा पाटावर बसले. इलाहीभाईंनी किटली वाजू नये म्हणून मांडीवर घेतली.

"गुड इव्हनिंग," फोनमधून बारीकसा आवाज आला. "माय नेम इज अंकिता. आय ॲम ट्वेंटी-सिक्स इयर्स ओल्ड. माय टॉपिक इज मॅन अँड ॲनिमल्स."

कोकिळेचा कान फिरला. मान खाली आली. आणि लालासाहेबांच्या बोटांना सडात ऊब उतरल्याची जाणीव झाली. सुर्र करून पहिली धार बादलीच्या तळावर वाजली.

"मामा, कसला आवाज येतोय?"

"नळाला पाणी आलंय. तू बोल."

ती बोलू लागली आणि बादलीत फेस चढू लागला. मध्येच कुठंतरी अंकिता अडखळली. पुढचा शब्द तिला सापडेना. इकडं धार थांबली आणि कोकिळेनं मागचा पाय उचलला.

"थांबू नगं, पोरी," लालासाहेब काकुळतीला येऊन म्हणाले. "चुकलं तर चुकू दे. पर बोल. हितं कोण बी हसत न्हाई."

अंकिताचा श्वास फोनमध्ये ऐकू आला. मग ती बोलली, आणि बोलतच राहिली. उन्हाळ्यात आटलेल्या ओढ्याला वरच्या अंगाला झालेल्या पावसाचं पाणी यावं, तशी. बादली भरली. इलाहीभाईंनी मुकाट्यानं किटली पुढं केली.

"मामा, कळालं का काय?"

"मला न्हाई कळालं," लालासाहेब खरं तेच बोलले. "पर जिला कळायला पायजे, तिला समदं कळालं."

"आत्ती बी हायत व्हय तिथं?" अंकिता लाजून म्हणाली.

पहाटे त्यांनी पुन्हा फोन लावला आणि ती पुन्हा बोलली. दुपारी तिचाच फोन आला. साहेबांपुढं तोंडाला कोरड पडली होती, मग मामांचं 'चुकलं तर चुकू दे' आठवलं आणि मी बोलत सुटले, असं म्हणाली. नोकरी लागली. रोज पहिल्या गाडीनं जायचं, अंधार पडल्यावर यायचं.

"पर कोकिळेचं कसं?"

"मी हाय की," लालासाहेब म्हणाले. मग मात्र त्यांना सगळं सांगावंच लागलं. ऐकून ती इतकी हसली, की आपणही एकदा असेच तिला हसलो होतो हे लालासाहेब पार विसरून गेले.

इलाहीभाईंच्या सल्ल्यानं तिचा आवाज मोबाईलवर भरून घेतला. पहिल्याच दिवशी त्यात कुणाचा तरी फोन आला, ढोलकीची रिंगटोन वाजली, लाथेसरशी बादली गेली. त्यानंतर मोबाईल दिसला की कोकिळा शेपटीनं थोबाड फोडायची. शेवटी रविवारी अंकितानं सासऱ्याला समोर बसवून एकेक वाक्य पाठ करून घेतलं. मानी माणूस तो, पहिल्या दिवशी "माय नेम इज लालासाहेब" म्हणाला. कोकिळेनं सड आखडले. नाव बदलून चालणार नव्हतं.

तेव्हापासून दिवेलागणीला गोठ्यातून मैदानावरचा तो आवाज अंगाईसारखा हळू येतो: माय नेम इज अंकिता, आय ॲम ट्वेंटी-सिक्स इयर्स ओल्ड. इलाहीभाई किटली घेऊन कुडापाशी अदबीनं उभे राहतात. पुढं एक वाक्य आहे, ते लालासाहेब जरा ठासूनच म्हणतात: "माय फादर-इन-लॉ इज व्हेरी स्ट्रिक्ट, बट माय बफेलो इज काइंड."

एकदा रंगूबाईंनी पदरात हसू दाबत विचारलं, "आवं, त्याचा अर्थ म्हाईत हाय का?"

"हाय. इलाहीची पोरगी नूरीन, तिनं सांगितला." लालासाहेबांनी बादली गुडघ्यांत नीट धरली. "पर काय करू? सगळ्यात मोठी धार त्याच वाक्याला लागती."