लाल ठिपका आणि माझी पाळत

या हो, असे पुढे सरकून बसा! मागे बसणाऱ्याला कथाही अर्धीच मिळते आणि पुण्यही. आज तुम्हाला चोराची गोष्ट सांगतो. चोर मी पकडला, एकट्याने! माझी नजरच तशी. कीर्तनात डोळे मिटून डोलत असलो, तरी बाहेर कोण कोणाच्या चपला घालून चाललाय हे मला बसल्या जागी कळतं!

तर, भाचीचं पहिलं चित्रप्रदर्शन होतं. एका बंद पडलेल्या छापखान्याची खोली, एकवीस चित्रं, तीन दिवस. तिच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या भावोजींनी, बजावलेलं, "एक तरी चित्र विकून दाखव. नाहीतर रंग गुंडाळ आणि आपल्या फरशीच्या दुकानात गल्ल्यावर बस!" तिसऱ्या दिवसाची दुपार झाली तरी भिंतीवरचं एक चित्र हललं नव्हतं. पोरीच्या तोंडचं पाणी पळालेलं.

"मामा, मी दोन घास खाऊन येते. तू नुसता बसून राहा. काही करू नकोस!"

"निर्धास्त जा!" मी म्हणालो.

मागे राहिलो मी आणि तिचा भागीदार, फ्रेमवाला. बोलणं कमी, दाढी जास्त, आणि खिशात कायम कटर! मला पहिल्यापासून संशय. तेवढ्यात एक टकले गृहस्थ आले. चित्रं बघायचं सोडून त्यांनी खिशातून टेप काढली आणि निळ्या दारांचं चित्र मोजलं! उंची मोजली, रुंदी मोजली, मागे डोकावून खिळासुद्धा पाहिला. मग दोघांची कोपऱ्यात कुजबुज.

"तासाभरात गाडी आणतो. मागच्या दाराला लावू ना?"

"मागूनच बरं. पुढे जागा नाही."

मागच्या दाराने! म्हणजे चोरच! टकले गेले. फ्रेमवाल्याने त्या चित्राखाली हळूच एक लाल ठिपका चिकटवला आणि माझ्या कानाशी आला, "मामा, तिला काही सांगू नका हं. मला तिचा चेहरा बघायचाय!" आणि खोकं आणायला सटकला.

चेहरा बघायचाय! चोर तो चोर, वर एवढा निर्दयी?

मी नखाने ठिपका खरवडून काढला. आता कोणतं चित्र न्यायचं, शोधत बसा! एवढ्यात एक दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या आणि नेमक्या त्याच चित्रापुढे थबकल्या.

"हे मिळेल?"

"मिळेल काय, आत्ताच्या आत्ता न्या!"

बाईंनी पूर्ण पैसे मोजले. मी चित्राला जुन्या वर्तमानपत्रात असं गुंडाळलं, की तान्ह्या बाळालाही कोणी दुपट्यात गुंडाळलं नसेल! शेवटची गाठ मारतोय, तोच मागच्या दारातून टकले, फ्रेमवाला आणि खोकं. पुढच्या दारातून भाची आणि तिच्यामागे भावोजी!

"चोर! चोर!" मी दोन्ही हात पसरून आडवा.

"अहो, ते माझं चित्र आहे!" टकले ओरडले.

"तुमचं कसलं? मी पैसे दिलेत!" बाई कडाडल्या.

"मी आधी दिलेत!"

एक टोक बाईंच्या हातात, एक टकल्यांच्या. कागद टराटरा फाटला. भाचीचं लक्ष रिकाम्या भिंतीवरच्या माझ्या नखाच्या ओरखड्याकडे.

"मामा, इथे काही चिकटवलं होतं का?"

"होतं ना! लाल ठिपका. चोराची खूण! काढून टाकली."

"अरे, चित्र विकलं गेलं की तो ठिपका लावतात!"

फ्रेमवाला मटकन खोक्यावर बसला. बिचाऱ्याला पहिल्या विक्रीची बातमी स्वतः द्यायची होती. मी छताचे वासे मोजू लागलो.

भावोजी मात्र दारातच उभे. ओढाताण बघत होते. म्हणाले, "तीस वर्षं फरशी विकतोय. माझ्या फरशीसाठी दोन माणसं अशी कधी भांडली नाहीत." मग लेकीकडे न बघताच, "गल्ल्यावर मी दुसरं कुणी बघतो."

निळी दारं टकल्यांना मिळाली. बाई शेजारचं चित्र घेऊन गेल्या. ते मात्र भाचीने स्वतः बांधलं!

मंडळी, एक विनंती. देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या फ्रेमवाल्याची आठवण ठेवा. भल्या माणसाला मी तासभर चोर ठरवलं, पण तो मला एका शब्दाने बोलला नाही. पुढच्या प्रदर्शनाचं आमंत्रणसुद्धा दिलंय. तारीख विचारली, तर म्हणतो, "मामा, झालं की कळवतो!"