बागडे काकाजींची हिवाळी बैठक

डिसेंबर लागला की सगळं सौंसर उन्हात येऊन बसतं. कोणी ओट्यावर, कोणी गच्चीवर, कोणी चक्क रस्त्यात खुर्ची टाकून. हातात संत्रं, पाठीवर ऊन आणि तोंडात दुसऱ्याच्या घरातली बातमी. याहून मोठं सुख मला तरी ठाऊक नाही. आणि यंदा नेमक्या त्याच वेळी आमचे शेजारी बागडे काकाजी गल्लीत अवतरायचे आणि उन्हात बसलेल्या भल्या माणसांना दंडाला धरून आपल्या गारढोण बैठकीत नेऊन बसवायचे.

“ऊन म्हणजे आळशाची रजई हाय,” हे त्यांचं एक घोषवाक्य. दुसरं शरीराबद्दल. काकाजी तहसीलीत बडे बाबू होते, त्यामुळे त्यांना साऱ्या जगात फायलीच दिसतात. “शरीर म्हणजे सरकारी फाइल. सरकवली नाही तं तिथंच पडून राहते.” निवृत्त होऊन कैक वर्षं झाली, पण माणूस अजून इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून स्वतःच्याच बैठकीत ड्यूटीवर हजर होतो.

मी बोरगावच्या शाळेत शिकवते. शीतलहरीमुळे शाळांना सुट्टी लागली आणि मी काकाजींना आयतीच सापडले. सुट्टीत ऊन खायचं सोडून मी काय केलं, तर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून टाचा वर-खाली केल्या. वजन म्हणून दोन्ही हातांत तूरडाळीच्या पिशव्या. शेजारच्या खुर्चीवर संत्र्यांचे व्यापारी घाटोडेजी. ते पहिल्याच दिवशी इतक्या जोशात आले की त्यांची पिशवी फाटली आणि डाळ सतरंजीभर झाली. मला वाटलं, सुटलो एकदाचे. पण काकाजींचे डोळे चमकले.

“वा! आता एकेक दाणा चिमटीनं उचला. उजव्या हातानं. हाही व्यायामच हाय.”

घाटोडेजींसारखा वजनदार माणूस सतरंजीवर पालथा होऊन डाळ वेचतोय, हे दृश्य बघायला खिडकीशी गर्दी जमली. काकाजींनी त्या गर्दीलाही आत ओढलं.

व्यायाम झाला की छंद. एक दिवस कॅरम, एक दिवस तुरीच्या शेंगा सोलणं, एक दिवस मणी ओवणं. घाटोडेजींनी ओवलेली माळ त्यांच्या घरी गाईच्या गळ्यात दिसते. खोटं कशाला बोलू, मजा यायला लागली होती. उन्हात बसून ज्या माणसांचे गुडघे कुरकुरायचे ती आता घड्याळ बघून बैठकीत येत होती, आणि कॅरमच्या राणीवरून भांडण झालं नाही असा दिवस गेला नाही.

पण मला काकाजींचा रागही येत होता. दिवाळीच्या आधी काकीजींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, अर्धांगाचा झटका आला होता. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजवा हात मात्र ऐकेना. डॉक्टर म्हणाले, बोटं चालवत राहिल्या तर हात परत येईल, नाही चालवली तर असाच राहील. आणि ज्या बाईने अख्ख्या गल्लीला शेवया-पापड शिकवले, तिने तो हात पदराखाली घेतला तो घेतलाच. आतल्या खोलीत पडद्याआड बसून राहायची. भेटायला गेलं तर भिंतीकडे तोंड. चार माणसांत यायचं नाही, हाताला हात लावू द्यायचा नाही. आणि पडद्याच्या अलीकडे तिचा नवरा गल्लीकडून कवायत करून घेतोय. म्हातारा चळला, असं सगळ्यांचं मत होतं आणि त्यात माझं मत सगळ्यांत मोठ्या आवाजात.

संक्रांत जवळ आली आणि काकाजींनी नवीन खूळ काढलं. दर हिवाळ्यात घरचा नवा कापूस निघाला की काकीजी त्याच्या फुलवाती वळून जामसांवलीच्या मारुतीला नेत. लग्न होऊन आल्यापासूनचा नेम. यंदा तो मोडणार, हे कोणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना कळत होतं. काकाजींच्या पुतण्याने रामाकोन्याहून कापसाची गोणी आणून टाकली आणि काकाजींनी जाहीर केलं, “यंदा वाती आपण वळू. वातीले काय अक्कल लागते? बायकांनी उगाच भाव वाढवून ठेवला.” हे त्यांनी आमच्याकडे बघून नाही, पडद्याकडे बघून सांगितलं.

सरकी काढून, कापूस पिंजून आम्ही बसलो. बोटाला जरासं दूध लावायचं आणि मधोमध चिमटीत धरून पीळ द्यायचा. घाटोडेजींनासुद्धा दुसऱ्या दिवशी जमलं. काकाजींना काही केल्या जमेना. त्यांची वात म्हणजे खाली लसणाचा गड्डा आणि वर उंदराची शेपटी. पेटवली तर सगळं तूप पिऊन आडवी. मी शिकवायला गेले तर त्यांनी ताट बाजूला ओढलं. “मॅडम, तुम्ही तुमचं पाहा. मले शिकवून नोका राहू.” मी मनात म्हटलं, मरा. पुरुषाचा अहंकार, दुसरं काय.

त्या गड्ड्यांनी ताट भरलं. काकाजींनी ते पडद्यासमोर धरून मोठ्याने जाहीर केलं की आता ह्याच वाती जामसांवलीला जाणार, मारुतीला काय, सगळं चालतं.

पडदा हलला. एक हात भिंतीला लावून काकीजी दारात उभ्या होत्या. कित्येक दिवसांनी मी त्यांना उभं बघत होते.

“काय करून राहिले तुम्ही? देवापुढं मशाली लावता का?”

त्या आल्या आणि सतरंजीवर बसल्या. डाव्या हाताने कापूस घेतला, पदराखालून उजवा हात काढला आणि त्यात ठेवला. बोटं थरथरली, कापूस सुटला. परत ठेवला, परत सुटला. घाटोडेजींच्या तोंडातली संत्र्याची फोड तोंडातच राहिली. शेवटी एक वात झाली. वाकडी, सैल, पण वात.

काकाजींनी ती उचलली आणि चष्म्यातून बघितली.

“हे तं माह्याहूनही बेकार हाय.”

डाळीची पिशवी हाताशी असती तर मी ती त्यांच्या डोक्यात घातली असती. पण काकीजींचे डोळे पेटले. “थांबा,” म्हणाल्या, आणि परत कापूस घेतला. ती वात जराशी बरी झाली. काकाजींनी तिलाही नाव ठेवलं. मग काय विचारता! त्या वळताहेत, हे खोड काढताहेत, घाटोडेजी काकीजींच्या बाजूने वाद घालताहेत, मी चहा टाकतेय आणि खिडकीतून अर्धी गल्ली आत वाकून बघतेय. सौंसरात त्या दुपारी आमच्या बैठकीइतकी ऊब दुसरीकडे कुठेच नसेल.

घरी पोचल्यावर लक्षात आलं, शाल तिथेच राहिली. परत गेले. काकीजी दमून आत आडव्या झाल्या होत्या. बैठकीत काकाजी एकटेच, पाठमोरे, उरलेला कापूस घेऊन बसलेले. मी बघतच राहिले. त्यांची बोटं सराईतासारखी चालत होती. एका मागून एक फुलवात, बारीक, ताठ, कळीसारखी. माझ्याच्याने सुद्धा अशी होत नाही.

चाहूल लागली तसे ते दचकले. पडद्याकडे बघून त्यांनी आवाज अगदी खाली आणला.

“मायचे डोळे गेले होते. लहानपणापासून तिच्या वाती मीच वळून देत होतो. हाताले राहवत नाही.” मग म्हणाले, “मॅडम, तिले नोका सांगू. मले येते म्हणून समजलं, तं हात परत पदराखाली घेऊन बसन.”

ज्याला मी गल्लीभर चळलेला म्हणत फिरले, त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं मला. पण मी नुसती मान हलवली आणि शाल उचलली.

काकाजींनी त्या सुरेख वाती एकेक करून उलगडल्या, परत कापूस केला. मग खुर्ची दिव्याजवळ ओढली आणि उद्यासाठी एक जाड, वाकडी, बेढब वात मन लावून वळायला घेतली.